बिनडब्याच्या सहा जणी

२० जानेवारी १९८३, गुरुवार. चक्कीच्या दगडांना टाकी मारायची होती. गुरुवारी आमच्या भागात दिवसभर लाईट नसायची, म्हणून हे काम मी त्याच दिवशी काढायची. कोराडीला एवढी वीज तयार होते आणि आमच्या नंदनवनात चक्की बंद, यावर चिडून काही होत नाही हे मला कळून चुकलं होतं. वरचा दगड पहारीने उचलून उलटा टाकला, डोक्याला जुना टॉवेल बांधला, आणि छिन्नी-हातोडी घेऊन बुजलेल्या खाचा पुन्हा खोल करत बसले. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम निघतं, आणि गरम पिठाची भाकर थापताना तुटते. मग बायका तोंडावर काही बोलत नाहीत, दुसऱ्या चक्कीवर जातात.

चार वाजले असतील. रस्त्यावरून बायकांचे घोळकेच्या घोळके परत येताना दिसले. ठेवणीतली पातळं, केसात गजरे, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि प्रत्येकीच्या हातात एकसारखा स्टीलचा डबा. लहानसा नव्हे, चांगला पाच किलोचा, वर कडीचं झाकण. उन्हात लखलखत होते सगळे. शेजारीण माझ्या शेडसमोर थांबली. आमची भिंतीला भिंत, आणि तिचं-माझं बोलणं अगंतुगंचं.

"काय करून राहिली वं? सारं तोंड पांढरं झालं तुझं."

"टाकी मारून राहिली. तू कुठून आली?"

हे विचारायची गरज नव्हती. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"शेठाणीकडचं हळदीकुंकू होतं ना," ती डबा पदराआड करत म्हणाली. इतका मोठा डबा पदराआड मावत नाही.

"कोणत्या शेठाणीकडचं?"

"आता तुले काय मालूम नाही का?"

मालूम होतं. सगळ्यांनाच होतं.

आमच्या सोसायटीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. ले-आउट पडला तेव्हा सगळ्यांच्या उपयोगासाठी म्हणून सोडलेली. तिथे गणपती बसायचा, पोरं क्रिकेट खेळायची, उन्हाळ्यात आम्ही कुरडया, पापड, मिरच्या वाळत घालायचो. शहरातल्या एका शेठला ती जागा लांबच्या कराराने भाड्याने हवी होती. दोन मजली मोठा बाजार उघडणार होता तो. धान्य, तेल, साबण, कापड, भांडी, चपला, सगळं तिथेच. मागच्या बाजूला गोदाम, आणि गोदामाला लागून विजेची मोठी चक्की. पिठाच्या तयार पिशव्या भरून ठेवणार म्हणे. बदल्यात सोसायटीला भाडं मिळणार आणि वरच्या मजल्यावर एक हॉल, लग्नामुंजीसाठी.

हा बाजार उभा राहिला असता तर माझी चक्की सहा महिने चालली नसती. यात रडण्यासारखं काही नाही, हा साधा हिशेब आहे. नवरा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुढच्या अंगणात टिनाचं शेड टाकून चक्की त्यांनीच बसवली होती, पण चालवली ती मी. ते असतानाही मीच. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली. चक्की बंद पडली असती तर घर भाड्याने देऊन मला दिराकडे जावं लागलं असतं, नरखेड तालुक्यात. दीर चांगला माणूस. संत्र्याचा बगीचा, विहिरीवर मोटर, जेवायला-खायला काही कमी नाही. तो दर दिवाळीला सांगायचा, "वयनी, कायले एकटीनं मरमर करता? या तिकडं. खोली खाली हाय." मी दरवेळी जाऊन आठ दिवस राहून यायची आणि नवव्या दिवशी मला काही सुचायचं नाही. जावेच्या स्वयंपाकघरात माझं काम काय? एक भाजी चिरायला देत होती ती मला, तीही मान म्हणून. मी पंचेचाळीस वर्षांची होते. उरलेलं आयुष्य भाजी चिरण्यात घालवायला मला आवडलं नसतं, एवढंच.

तर डिसेंबरात ही गोष्ट फुटली तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा केला तो बायकांनीच. ट्रक येतील, पोरांना खेळायला जागा राहणार नाही, शाळेत जायचा रस्ता नेमका त्या जागेवरून जातो. शेजारीण तर सगळ्यांच्या पुढे. सोसायटीच्या सचिवांच्या घरी वीस-पंचवीस बायका घेऊन गेली होती. सचिव बनियनवर बाहेर आले आणि पुन्हा आत जाऊन शर्ट घालून आले. "आमच्या मढ्यावरून न्या ट्रक," असंही कोणीतरी म्हणालं होतं. घरोघरी नवऱ्यांना जेवताना हेच ऐकावं लागे. पुरुष हॉलच्या नावाने थोडे पाघळले होते, पण घरात रोज कटकट नको म्हणून तेही विरोधात बोलायला लागले. मी त्या दिवसांत निवांत झोपत होते.

आणि मग संक्रांत आली.

"घरी आली वं ती स्वतः," शेजारीण सांगत होती. "मोटारीतून. प्रत्येक घरी. उंबरठ्यावर उभी राहून कुंकू लावलं, म्हणे या नक्की. आता सवाष्णीनं कुंकू लावून बोलावल्यावर नाही म्हणता येते का? तूच सांग."

"नाही येत."

"त्याच जागेवर मांडव टाकला होता. ओटी भरली सगळ्यांची. तिळगूळ बी चांगला होता, काजू टाकून."

"मग आता?"

"आता काय?" ती माझ्याकडे न पाहता दगडाकडे पाहून बोलत होती. "तिच्या हातचा तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं. आता तिच्याच विरोधात तोंड कसं उघडू? असं कोणी करते का? बाई काय म्हणेल?"

मी डबा हातात घेतला. पत्रा जाड होता. झाकणावर बाजाराचं नाव कोरलेलं होतं, आधीच. बाजार उभा व्हायचा होता, नाव मात्र आमच्या घराघरात पोचलं होतं.

"डबा चांगला आहे," मी म्हटलं. खरंच चांगला होता.

"तुले राग आला ना?"

"मला कशाला राग येईल? मला बोलावणंच नव्हतं."

ते तिला एकदम आठवलं असावं. तिचा चेहरा उतरला. विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. आमच्या शेजाराला बारा वर्षं झाली होती, पण तिच्याकडच्या हळदीकुंकवालाही मी गेली आठ वर्षं जात नव्हते. दुसऱ्या दिवशी ती तिळगूळ वाटीत घालून मागच्या दाराने आणून द्यायची. त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. ती घरी गेली आणि मी उरलेल्या खाचा पूर्ण केल्या. राग काढायला हातोडी बरी पडते.

पुढचे चार-पाच दिवस मजेशीर होते. म्हणजे आता मजेशीर वाटतात. जिच्या-तिच्या हातात तोच डबा. माझ्या चक्कीवर गहू, ज्वारी घेऊन यायच्या त्या याच डब्यातून, आणि शेठच्या बाजाराचं नाव असलेल्या डब्यात मी पीठ भरून द्यायची. ओळीने मांडलेले एकसारखे डबे ओळखू येईनात. कोणाचं दळण कोणाच्या घरी गेलं. एकीच्या गव्हात दुसरीची ज्वारी पडली आणि दोघी माझ्या दारात भांडल्या. शेवटी मी झाकणांवर खडूने खुणा करायला लागले. पण मैदानाबद्दल कोणी एक अक्षर बोलत नव्हतं. मी विषय काढला की, "हो ना वं, पाहू," आणि डबा उचलून चालू पडायच्या.

बुधवारी सचिव स्वतः दळण घेऊन आले. त्यांच्या घरचाही डबा तोच होता. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कोणी नाराज झालेलं चालायचं नाही.

"वहिनी," ते रांग सरकायची वाट पाहत म्हणाले, "रविवारी सभा आहे. बायकांचा विरोध मावळला, बरं झालं. एकमताने होऊन जाईल. तुमच्या चक्कीचं वाईट वाटतं, पण आता..."

"मत कोण देतं?"

"सभासद."

"सभासद कोण?"

"ज्याच्या नावावर घर तो." मग त्यांना सभ्यपणा सुचला. "तुम्हीही आहात की. भाऊ गेल्यावर आपण घर तुमच्या नावावर केलं ना. पण तुम्ही कधी येत नाही सभेला."

कोणीच बाई जात नव्हती. सभा म्हणजे पुरुषांनी शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर बसून चहा प्यायचा, अशी समजूत. बायका फारतर मागे खांबाला टेकून ऐकायच्या.

सचिवांचं दळण संपलं, ते गेले. मी दुसरीची ज्वारी चक्कीच्या वरच्या पेटीत ओतली आणि मग एकदम हात थांबला. बाईच्या नावावर घर कधी होतं? नवरा असेपर्यंत होत नाही. म्हणजे आमच्या सोसायटीत ज्या बायकांना स्वतःचं मत होतं त्या सगळ्या माझ्यासारख्या. शेठाणीने घरोघर फिरून एकूण एक बाई आपलीशी केली होती, आणि जिच्या हातात मत आहे अशा एकीलाही तिने बोलावलं नव्हतं. तिच्या हिशेबात आम्ही बायकांत मोडत नव्हतो.

मी मनातल्या मनात घरं मोजली. पाच विधवा, माझ्यासकट. आणि सहाव्या शाळेतल्या बाई. त्यांचे यजमान होते, पण प्लॉट बाईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेला, त्यांच्याच नावावर. त्यांचं घर बौद्ध, हळदीकुंकू त्यांच्याकडे नसतंच, म्हणून शेठाणीची मोटार त्यांच्या फाटकासमोरून तशीच पुढे गेली होती.

ज्वारी संपून दगड कोरडे फिरायला लागले तेव्हा भानावर आले.

त्या संध्याकाळी शेड बंद केलं आणि निघाले. पहिली गेले ती पलीकडच्या ओळीतल्या म्हाताऱ्या आजींकडे. सत्तरी ओलांडलेली बाई, जिभेला धार. खाटेवर बसून लसूण सोलत होत्या.

"ये वं. आज वाट चुकली का?"

मी सरळ सांगितलं. रविवारी सभा, हात वर करायचा, मैदान द्यायचं नाही.

"मले कोण विचारते?"

"घर तुमच्या नावावर आहे. विचारावंच लागेल."

"पोरगा म्हणते हॉल चांगला होईल."

"मुलाच्या नावावर आहे का घर?"

आजींनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "मी मरेपर्यंत तरी नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "सुनेनं डबा आणला. चांगला मोठा हाय. मले म्हणते, सासूबाई, तुमच्यासाठी तिळगूळ मागून आणला. मागून! मी काय भीक मागतो का वं? त्या शेठाणीनं माहं तोंड गोड केलंच नाही, मंग मी गोड कायले बोलू?"

बाकीच्या तिघींचं एवढं सोपं नव्हतं. एक भित्री होती, तिला दिराने विचारलं तर काय सांगू याची काळजी. तिला मी म्हटलं, सांग की चक्कीवालीने जबरदस्ती केली. ते तिला पटलं. दुसरीने विचारलं, "तू तुझ्या चक्कीसाठी फिरून राहिली ना?" मी म्हटलं, "हो." "मंग ठीक हाय," ती म्हणाली, "मले वाटलं पोराबाळांच्या खेळाचं सांगशील." तिसरी मैदानासमोरच राहत होती, ट्रक तिच्याच दारात उभे राहणार होते, तिला समजवायची गरज पडली नाही. शाळेतल्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मी तर येणारच होते. एकटी पडेन असं वाटत होतं."

सगळ्यांशी माझं बोलणं झालं ते असं. मोर्चा वगैरे काही नव्हतं.

रविवारी आम्ही सहा जणी गेलो आणि सतरंजीवर बसलो. मागे खांबाशी नव्हे, सतरंजीवर. पुरुष सरकले, एक-दोघांनी पाय आवरून घेतले. शेठ आलेला होता, पांढरंशुभ्र धोतर, हसरा. सोबत पेढ्यांचे दोन मोठे पुडे. सवाष्णी मागे वऱ्हांड्याच्या कडेला उभ्या होत्या. शेजारीण त्यांत होती. तिचा नवरा आमच्या पुढच्याच ओळीत.

सचिवांनी ठराव वाचला. "तर सर्वांचं एकमत आहे असं..."

"एकमत नाही," मी म्हटलं.

आवाज चक्कीवर बोलायच्या सवयीने मोठाच निघाला. सगळे वळून पाहायला लागले.

"वहिनी, तुम्ही बसा. चर्चा होऊ द्या."

"बसूनच बोलून राहिले मी. माझी चक्की बंद पडेल म्हणून मी विरोधात आहे, हे आधीच सांगते. कोणी मागून सांगायला नको."

पुढून एकजण हसला. "म्हंजे स्वतःच्या फायद्यासाठीच ना!"

"हो. आणि तुम्ही हॉलसाठी. तुमच्या पोरीचं लग्न काढलं आहे ना औंदा?"

वऱ्हांड्यात हशा पिकला. मग मी ट्रकबद्दल बोलले. गोदाम म्हटलं की माल सकाळी उतरतो, आणि पोरं शाळेला जातात ती सकाळी, त्याच रस्त्याने. हॉल वर्षातून दहा वेळा लागेल, ट्रक रोज लागेल. एवढंच. शेठ नम्रपणे म्हणाला की ट्रक दुपारी आणू. आजी खाली मान घालून पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "ट्रक ड्रायव्हर याच्या घरचा हाय का, सांगितल्या वेळेवर यायले?"

सचिवांनी हात वर करायला सांगितलं. आधी ठरावाच्या बाजूने. बरेच झाले. तेव्हा मला नरखेडच्या त्या खोलीतली खाट दिसली, खरंच दिसली. मग विरोधात. आमचे सहा हात गेले. भित्रीचा सर्वांत शेवटी, पण गेला. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांनी इकडेतिकडे पाहून हात वर केला. आम्हाला पाहून आणखी काहींना धीर आला असावा. मनातून विरोधात असलेले पुरुष बरेच होते, फक्त पहिला हात कोणाचा हा प्रश्न होता.

तरी सचिव मोजता मोजता म्हणाले, "बरोबरीत आहे."

शेजारणीच्या नवऱ्याचे दोन्ही हात अजून मांडीवर होते. त्याने कोणत्याच बाजूला मत दिलं नव्हतं. तेवढ्यात मागून शेजारीण दोन पावलं पुढे आली, वाकली, आणि त्याच्या शर्टाची बाही धरून त्याचा हात वर उचलला. तोंडातून अक्षर नाही. त्याने वळून पाहिलं, ती छताकडे बघत होती. त्याने हात तसाच राहू दिला. एवढ्या लोकांसमोर खाली घेणं त्याला जमलं नसतं. ते पाहून अजून दोघांनी आपण होऊन हात वर केले, बहुतेक आपल्याही बाह्या ओढल्या जायच्या आत.

तीन हातांनी ठराव पडला.

शेठने हात जोडले, म्हणाला, "आप सब की मर्जी." त्याचं कौतुक वाटलं मला. नंतर त्याने हमरस्त्यावर दुसरी जागा घेतली, बाजार तिथे झाला आणि बरा चालला. साखर मी तिथूनच आणते. सचिव पेढ्यांच्या पुड्यांकडे पाहत उभे होते, वाटावे की परत करावे. आजी उठल्या, एक पुडा उघडला, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "घ्या गा सारे. त्यानं काय परत न्यायले आणले का?"

घरी जाताना शेजारीण माझ्याबरोबर होती.

"तू तर तोंड उघडणार नव्हती," मी म्हटलं.

"मंग उघडलं का? हात उचलला." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पुढच्या संक्रांतीले पुढच्या दारानं येजो."

मी बरं म्हटलं.

रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की त्या हळदीकुंकवाच्या दिवसापासून पहिल्यांदा मी भाकरीबरोबर तेल-तिखट न खाता वांग्याची भाजी केली होती, आणि एकटीसाठी केली होती.

सोमवारी सकाळी चक्कीच्या दाराला कुलूप लावलं. नरखेडच्या एसटीने जाणारा तिकडचा माणूस भेटला, त्याच्याजवळ दिरासाठी निरोप दिला की खोलीत कापूस ठेवायचा असेल तर ठेवा, मी येत नाही. मग बस धरून इतवारीच्या बाजारात गेले. चक्कीच्या मोटरचा पट्टा दोन ठिकाणी शिवलेला होता, चक्की राहते की जाते ते कळेपर्यंत नवा घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. दुकानदाराने दोन दाखवले. मी जाडा घेतला, खांद्यावर टाकला, आणि परतीच्या बसच्या रांगेत उभी राहिले.